गोदावरी समुद्राला मिळते तिथे: काकिनाडा बे, होप आयलंड आणि कोरिंगा

गोदाकाठी

नाशिककराला गोदावरी निघते कुठून विचारा. ब्रह्मगिरी, गंगाद्वार, कुशावर्त, सगळं धडाधड सांगेल. संपते कुठे विचारलं की 'बंगालच्या उपसागरात' हे शाळेतलं उत्तर येतं आणि विषय मिटतो. १४६५ किलोमीटरच्या वाटेच्या त्या टोकाला नेमकं आहे काय, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. मी पक्षी बघणारा माणूस, त्यामुळे पक्ष्यांना झुकतं माप मिळणार, समजून घ्या.

आधी नकाशा. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला नदी फुटते. पूर्वेकडची मोठी शाखा गौतमी, पश्चिमेकडची वसिष्ठा. वसिष्ठेतून पुढे वैनतेया निघते. गौतमी यानमवरून समुद्राकडे जाते. (यानम चारी बाजूंनी आंध्रात, पण कारभार पुदुच्चेरीचा. १९५४ पर्यंत तिथे फ्रेंच होते.) गौतमीच्या मुखाच्या उत्तरेला समुद्राचा जो तुकडा आत शिरल्यासारखा दिसतो तो काकिनाडा बे. पश्चिमेला काकिनाडा शहर आणि बंदर, दक्षिणेला कोरिंगाची खारफुटी, पूर्वेला होप आयलंड. उत्तरेची बाजू तेवढी उघडी.

खरी गंमत या होप आयलंडात आहे. म्हणायला बेट, प्रत्यक्षात वाळूचा लांबच लांब पट्टा. गौतमीने आणून टाकलेली वाळू पावसाळी लाटा किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकवत नेतात. त्या वाळूचा गेल्या दोनेकशे वर्षांत सोळाएक किलोमीटरचा बांध तयार झाला. त्याच्या उत्तर टोकाला गोदावरी पॉइंट म्हणतात. म्हणजे पेशवाई बुडाली त्या सुमारास इथे जवळजवळ उघडा समुद्रच होता. नदीने स्वतःच्या हाताने बांध घातला आणि आतलं पाणी शांत, उथळ झालं. काकिनाडा हे सुरक्षित बंदर मानलं जातं ते या वाळूच्या जिवावर. नोव्हेंबर १९९६ चं चक्रीवादळ काकिनाड्याच्या दक्षिणेला धडकलं, कोनसीमेत, म्हणजे गौतमी-वसिष्ठेच्या मधल्या मुलखात, हाहाकार उडाला. शहर वाचलं ते होप आयलंडमुळे, असं तिथली माणसं आजही सांगतात.

आता जंगल. कोरिंगा अभयारण्य १९७८ चं, सुमारे २३५ चौरस किलोमीटर. काकिनाड्याहून यानमच्या रस्त्याला लागलं की कोरंगी गावाजवळ वनखात्याने खारफुटीतून लाकडी पायवाट काढली आहे. झाडं कोकणातल्या माणसाला ओळखीची: तिवर, कांदळ, चिप्पी आणि तो गेवा, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. कोरंगी आणि गाडेरू या गौतमीच्या दोन फाट्यांतून गोडं पाणी आत येतं, समुद्राचं खारं पाणी भरतीला वर चढतं, आणि या दोघांच्या ओढाताणीत हे जंगल उभं आहे.

ओहोटीला पायवाटेच्या कठड्यावर कोपरं टेकून पाच मिनिटं नुसतं खाली बघावं. आधी फक्त करडा चिखल दिसतो, त्यातून वर आलेली तिवराची बोटभर श्वसनमुळं. मग चिखलाचाच एक गोळा डोळे वर काढतो. ती निवटी, चिखलात राहणारा मासा. कल्ल्यांत पाणी धरून ठेवते, पुढच्या परांवर रेटा देत सरकते आणि शेजारची निवटी जवळ आली की पाठीवरचा पंख ताठ उभा करून तिला दटावते. बाजूला एक नांगी मोठी आणि एक चिमुकली असलेले खेकडे. मोठी नांगी फक्त नरालाच, ती हलवून माद्यांना बोलावणं चालू. आपण जरा हललो की सगळे बिळात.

मासेमार मांजर इथलं सगळ्यात मोलाचं जनावर. घरच्या बोक्याच्या दुप्पट, अंगावर ठिपके, पायाच्या बोटांत थोडा पडदा, पाण्यात थेट सूर मारणारं. ते रात्रीचं, त्यामुळे दिसलं नाही म्हणून वनखात्याच्या नावाने बोटं मोडू नयेत. पाणमांजरांचे कळप मात्र दिवसाही दिसतात.

आणि पाणचिरा! नारिंगी चोच, खालचा जबडा वरच्यापेक्षा लांब. उडता उडता तो जबडा पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढत जातो, मासा लागला की चोच मिटते. जगात हे पक्षी काही हजारच उरलेत. चंबळ, महानदीच्या वाळूवर वीण करतात आणि थंडीत त्यांचे मोठे थवे काकिनाड्याच्या चिखलपट्टीवर उतरतात. मला विचाराल तर एवढ्यासाठीच जावं.

नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्यांना एक लक्षात येईल. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, म्हणून तिथे थापटे, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या आल्या. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झाली तीही त्या गाळाच्या कृपेने. वर निफाड तालुक्यात आणि खाली काकिनाड्याला, दोन्हीकडे पक्ष्यांना बसायला जागा करून दिली ती या नदीच्या गाळाने.

पंचवटीकर

छान लिहिलंय. नावांबद्दल थोडी भर घालतो.

तिकडे गोदावरीचे सात फाटे मानतात आणि सातांना सप्तर्षींवरून नावं दिली आहेत: तुल्यभागा, आत्रेय, भारद्वाजा, गौतमी, वृद्धगौतमी, कौशिका, वसिष्ठा. यातले काही आता ओढ्याएवढे उरलेत, पण नाव टिकून आहे. गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर तप करून गंगा खाली आणली ही आपल्याकडची कथा. सप्तर्षींनी तीच नदी वाटून घेऊन समुद्राला नेली ही त्यांच्याकडची. म्हणजे गौतमी हे नाव त्र्यंबकला जसं आहे तसंच मुखाशीही. आपण नाशकात 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो, तिकडे बायाबापड्या 'गोदारम्मा' म्हणतात.

पौष अमावास्येला तिथे चोल्लंगीला मोठी जत्रा भरते. तुल्यभागा जिथे समुद्राला मिळते ती ही जागा, कोरिंगाला लागूनच. तिथून सुरुवात करून सातही मुखांवर स्नान करत जायचं, याला सप्तसागर यात्रा म्हणतात. आणि आपला सिंहस्थ तोच त्यांचा पुष्कर. गुरू सिंहेत आला की इकडे रामकुंडावर गर्दी, तिकडे राजमहेंद्रीच्या घाटांवर. २०१५ ला दोन्ही एकाच वर्षी झाले, पुढचेही एकाच वेळी आहेत.

वैनगंगेचा

मी चंद्रपूरचा, सध्या मुक्काम नाशिकरोड. राग मानू नका पण सांगतोच. तुमच्या नाशिकचं पाणी जायकवाडीच्या पुढं जाते कुठं? पुरात तुमचा रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती डोक्यापर्यंत बुडाला की पैठणवाले खूश होतात, आणि तिथंच तुमची गोदावरी थांबते. काकिनाड्याला जे पाणी जाते ना, ते आमच्या वैनगंगा, वर्धा, पैनगंगेचं. या तिन्ही मिळून प्राणहिता. गोदावरीच्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकटीचा. वरून बस्तरातली इंद्रावती आणि ओडिशातली शबरी. कुंभमेळा तुमचा, पूर आमचा 😀

सिडकोकर

😂😂 जायकवाडीचा विषय काढू नका हो, इथे अजून नगरवाले यायचेत.

गोदाकाठी

@वैनगंगेचा, भाऊ, पाण्याचं म्हणणं सोळा आणे खरं. गंगापूर, दारणा, मग जायकवाडी, पुढे बाभळी, पोचमपाड. आपल्या बाजूचा थेंब समुद्र बघायला अपवादानेच जातो. त्यात खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ साली पुरा केलेला बंधारा आहे, तो उन्हाळ्यात उरलंसुरलं पाणी कालव्यांत घालतो. कॉटनला तिकडे देवासारखं मानतात. गोदावरीत स्नान करताना 'इंग्रज देशीचा भगीरथ' म्हणून त्याचं स्मरण करणारा संस्कृत श्लोकच आहे. दुष्काळी मुलखाची भाताची कोठारं झाली, त्यामुळे त्यांचं चुकतंय असं कोण म्हणेल! पण त्याच बंधाऱ्याखाली उन्हाळ्यात गोडं पाणी आटतं आणि खारफुटीत खारटपणा चढतो, हेही आहे.

मला पाण्यापेक्षा गाळाची काळजी जास्त वाटते. धरण भरलं की जादाचं पाणी सोडावंच लागतं. गाळ मात्र तळाशी बसला की बसला. गेल्या पन्नास वर्षांत गोदावरीतून समुद्राला पोहोचणारा गाळ निम्म्याहून कमी झाला. होप आयलंड, खारफुटी, चिखलपट्ट्या हे सगळं गाळाचं बांधकाम आहे. आता त्याचा मालपुरवठाच तुटतोय, आणि वर पोलावरमचं धरण होऊ घातलंय.

खडकवाला

भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे इथे बोलावंच लागेल. पाणी विदर्भाचं असलं तरी माती कोणाची, हा वेगळा प्रश्न आहे. प्राणहितेचा आणि पुढचा बराच मुलूख ग्रॅनाइट-नाइस अशा जुन्या खडकांचा. आपला काळा पाषाण झिजून जी काळी चिकणमाती होते तिचे खनिज गुणधर्म अगदी वेगळे. त्यामुळे समुद्रतळाच्या गाळात दख्खनची माती किती, हे मोजता येतं.

गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून काढलेल्या एका लांब गाभ्यात (गाळाच्या उभ्या नमुन्यात) मागच्या दहा हजार वर्षांचा थर न थर मिळाला. त्यात दिसलं काय, तर साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून पाऊसमान घटत गेलं आणि त्याच सुमारास दख्खनच्या मातीचं प्रमाण वाढू लागलं. एकीकडे झाडोरा विरळ झाला, दुसरीकडे शेती पसरली. आता तो काळ आपल्या भागात कोणाचा? दायमाबाद, जोर्वे, नेवासे इथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५०-५१ ला जुन्या नाशकात मातीच्या गढीवर खणलं, तिथेही जोर्वे पद्धतीची खापरं निघाली.

त्याच भागातली काझी गढी दर पावसाळ्यात ढासळते आणि पेपरात फोटो येतात. तीन हजार वर्षांपूर्वी अशी ढासळलेली माती काकिनाड्यापर्यंत जाऊ शकत होती. आता तिची धाव नाथसागरापर्यंत, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयापर्यंत. तेव्हा @वैनगंगेचा, पाणी तुमचं, पण त्रिभुज प्रदेशाच्या भरावात आमचाही वाटा धरा.

वैनगंगेचा

धरला सर. सातबारावर नाव चढवून घ्या 🙏

येवलेकर

धागा आवडला. आमच्याकडे पैठणी तशी तिकडे उप्पाडाची जामदानी. काकिनाड्याच्या थोडं उत्तरेला समुद्राकाठी उप्पाडा गाव आहे, २००९ साली त्यांच्या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं. विणकर म्हणून मी ते गाव बघायला गेलो होतो. बारीक सूत, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी, काम डोळे फोडणारं.

पण साड्यांपेक्षा समुद्रच जास्त लक्षात राहिला. गावाची किनाऱ्यालगतची घरं, देवळं लाटांनी खाल्ली आहेत. अर्धी भिंत उभी, दाराची चौकट शाबूत आणि चौकटीपलीकडे सरळ पाणी, असं घर मी पाहिलं. वाळू भरलेली मोठमोठी नळकांडी टाकून बांध केला होता, समुद्राने तीही फाडली. रस्त्यावर दगड टाकण्याचं काम तर कायमचंच.

याचा होप आयलंडशी काही संबंध आहे का? तुम्ही म्हणालात वाळू उत्तरेकडे सरकते, मग उप्पाड्याला ती मिळायला हवी ना?

खडकवाला

@येवलेकर, संबंध आहेच. वाळू उत्तरेला सरकते, पण होप आयलंडच्या टोकाशी पोहोचली की तिथेच पडते आणि पट्टा आणखी लांबतो. पुढे उप्पाड्याला जाणारा वाटा कमी होतो. लाटा तर आपल्या जोरात येतातच आणि किनाऱ्यावरची आहे ती वाळू उपसून नेतात. त्यात बंदराच्या भिंती आणि गाळ उपसणं. जो पट्टा काकिनाड्याला वाचवतो तोच शेजारच्या गावाच्या तोंडचा घास काढतो.

गोदाकाठी

म्हणूनच तिथे कोणी 'होप आयलंड वाचवा' म्हणालं की उप्पाड्याचे कोळी कपाळाला आठ्या घालतात. एकाच वाळूवर दोन गावांची दोन मतं.

इतिहासवेडी

कोरिंगाचं नाव निघालंय तर वादळांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आज कोरंगी लहानसं गाव आहे, पण अठराव्या शतकात ते जहाजं बांधणारं, गजबजलेलं बंदर होतं. इथून माणसं ब्रह्मदेशात इतकी जात की रंगूनला तेलुगू मजुरांना सरसकट 'कोरंगी' म्हणत. डिसेंबर १७८९ च्या वादळात भरतीच्या वेळी एकामागून एक तीन प्रचंड लाटा आल्या आणि गाव धुऊन निघालं. सावरतंय तोवर नोव्हेंबर १८३९ ला पुन्हा तसंच. मग बंदर उठलं ते उठलंच, व्यापार काकिनाड्याला गेला.

कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने अशा वादळांच्या नोंदी गोळा केल्या, १७८९ च्या त्या तीन लाटांचं वर्णनही त्यानेच लिहून ठेवलंय. 'सायक्लोन' हा शब्द त्याचाच, १८४८ च्या पुस्तकातला.

नावांची आणखी एक गंमत. मुखाजवळ वाळूचं एक बेट आहे, त्याला सॅक्रामेंटो म्हणतात. आंध्रात कॅलिफोर्नियाचं नाव कुठून आलं? जून १८६७ मध्ये अमेरिकन नौदलाचं सॅक्रामेंटो नावाचं जहाज याच भागातल्या वाळूत रुतून फुटलं होतं. आणि इंग्रजी कागदांत काकिनाडा शोधायचं तर 'कोकोनाडा' असं शोधा. १९२३ चं काँग्रेस अधिवेशन तिथलंच. अध्यक्षांचा आक्षेप न जुमानता विष्णू दिगंबर पलुस्करांनी वंदे मातरम् पुरं म्हटलं, ते याच अधिवेशनात. आपल्या नाशकात आश्रम काढून राहिलेले तेच पलुस्करबुवा.

सिडकोकर

ते सगळं ठीक. खायला काय मिळतं?

पंचवटीकर

मी शाकाहारी, माझ्यासाठी काकिनाड्याचा खाजा. चावला की आतून पाक येतो. बाकीचं जाणकार सांगतील.

गोदाकाठी

पुलसा. बंगाल्यांचा हिलसाच, पण समुद्रात असेपर्यंत त्याला तिथे फारसं कोणी विचारत नाही. जुलै ते सप्टेंबर नदीला तांबडं पाणी आलं की अंडी घालायला तो गौतमीत, वसिष्ठेत चढतो. धारेविरुद्ध पोहून चरबी मुरते आणि भाव हजारांत जातो. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी तिकडे म्हण आहे. चिंचेच्या कोळात मंद आचेवर शिजवतात आणि दुसऱ्या दिवशी खातात. धवळेश्वरमचा बंधारा आला की त्याचीही वाट संपते.

सातपूरवाली

कासवांचं राहिलं. जानेवारी ते मार्च होप आयलंड आणि सॅक्रामेंटोवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. वेळासला कासव महोत्सवाला जाणाऱ्यांना ती माहीतच असतील, तीच जात. ओडिशात मार्च २०२१ ला पंखाला खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे सगळ्या दक्षिण भारताला वळसा! त्यामुळे पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि कोकणातली वेगळी, असं मानून चालत नाही. काकिनाड्याजवळ ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मेलेली कासवं दर मोसमात किनाऱ्याला लागतात. जाळ्याला कासव बाहेर पडायची सोय बसवता येते, पण त्यातून थोडी कोळंबी निसटते म्हणून ती बसवायला कोणी राजी नसतं. कोळ्यांनाच दोष द्यावा असं मला वाटत नाही, डिझेलचा हिशेब त्यांनाच करायचा असतो.

@गोदाकाठी, नाशिकहून जायचं कसं ते सांगा. मुलांना घेऊन जायचा विचार आहे.

गोदाकाठी

@सातपूरवाली, ताई, साईनगर शिर्डीहून काकिनाडा पोर्टला थेट गाडी आहे. रोज नाही, वार बघून घ्या. दुसरी आपल्या येवला तालुक्यातल्या नगरसोलहून नरसापूरची. नरसापूर वसिष्ठेच्या काठावर, तिथून अंतर्वेदीचा संगम आणि नरसिंहाचं देऊळ जवळ, पण कोरिंगा करायचं तर काकिनाड्यालाच उतरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. निवट्या, खेकडे आणि चिखलपट्टीवरचे पक्षी बघायचे तर ओहोटी हवी, पण वनखात्याच्या बोटीला आत जायला पाणी लागतं. त्यामुळे पायवाट आणि बोट एकाच फेरीत जमेलच असं नाही, दोन वेळा ठेवा. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास फार. आणि संक्रांतीच्या आसपास जायचं असेल तर तिकिटं आत्ताच काढा, त्या आठवड्यात सगळी तेलुगू मंडळी गावी निघतात आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते.